डाळिंबाच्या सालीचा रंग सुती कापडावर सारखा बसण्यासाठी

नव्या कोऱ्या सुती कापडाला डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग दिला की बऱ्याचदा डाग-डाग उठतात. दोष सालीचा नसतो, कापडावरच्या खळीचा असतो.

1. 500 ग्रॅम कापड भरपूर पाण्यात, लिटरला 5 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं तांबूस निघेल. ते फेकून कापड नीट खळबळा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे इथे साबण नको. त्याचा चिकट थर कापडावर राहतो आणि तेवढी जागा रंग धरत नाही.

2. कापड वाळवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच शोषला गेला तर खळ गेली. मण्यासारखा वर थांबला तर पुन्हा उकळा. ही परीक्षा चुकवू नका, सगळं काम इथेच ठरतं.

3. ज्यूसच्या गाडीवर सांगून ठेवलं की साल फुकट मिळते; सोलापूरच्या उन्हात ती दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळते. अशी 500 ग्रॅम साल रात्रभर भिजवा, तासभर उकळा, गाळा.

4. 75 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून ओलं कापड त्यात रात्रभर बुडवा, पिळा, मग रंगात मंद आचेवर तासभर हलवत ठेवा. सालीत टॅनिन, म्हणजे कापडाला रंग धरायला लावणारा तुरट पदार्थ, असतंच; त्यासाठी वेगळ्या हिरड्याची गरज नाही. सावलीत वाळवा.

भांडं स्टीलचंच घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. लोखंडी कढईत हाच पिवळा रंग काळपट हिरवा होतो.