विशेष शिक्षक मिळत नसतील, तर भरतीतल्या या चुका टाळा

जून उजाडला की पुण्यातल्या विशेष, म्हणजे दिव्यांग मुलांच्या, शाळांच्या मुख्याध्यापकांचे एकमेकांना फोन सुरू होतात आणि विचारणा बहुधा एकच असते : बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याची पदविका पूर्ण केलेले कोणी तुमच्या माहितीत आहे का? शिक्षक निवडण्याच्या आणि त्यांना सोबत घेऊन काम करण्याच्या अठरा वर्षांच्या अनुभवातून माझे असे ठाम मत झाले आहे की, अपुरा पगार हे माणसे न मिळण्याचे खरे कारण असले, तरी त्याच्याही आधी आपण या कामाची ओळखच चुकीची करून देतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितल्यापासून सर्वसाधारण शाळाही याच मनुष्यबळाच्या शोधात आहेत, त्यामुळे आपल्या चुका आता अधिक महागात पडतात.

दयेच्या भाषेतले आवाहन

‘सेवाभावी, कनवाळू आणि संयमी उमेदवार हवेत’ अशी जाहिरात आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. ती वाचून येणारी व्यक्ती मनाने चांगली असते यात शंका नाही, परंतु दया करण्याच्या इच्छेने आलेला माणूस, ज्या मुलाला शर्टाचे बटण लावायला शिकवण्यात आठ महिने जातात किंवा जे मूल घाबरल्यावर हाताला चावते, त्याच्यासमोर लवकर थकतो. आणि ज्याला अवघड, बुद्धीला आव्हान देणारा पेशा हवा असतो, तो तरुण ही जाहिरात वाचून ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून पान उलटतो. दोन्हीकडून आपलेच नुकसान होते.

यावर माझ्या अनुभवातला सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे शिकवण्याचे कसब प्रत्यक्ष दाखवणे. हात धुण्यासारख्या साध्या कृतीचे नळ उघडण्यापासून हात पुसण्यापर्यंत दहा-बारा टप्पे पाडावे लागतात. काही मुलांना ते शेवटच्या टप्प्यापासून मागे मागे शिकवले जातात, म्हणजे बाकीचे सर्व टप्पे शिक्षक हाताला धरून करून घेतो आणि फक्त हात पुसणे मुलावर सोडतो, जेणेकरून काम पूर्ण केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्या मुलाचाच असतो. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांत सतत गोंधळणारे मूल आळशी नसून त्याला अध्ययन अक्षमता असू शकते, हे ओळखायचे कसे आणि मग वाचन कोणत्या क्रमाने शिकवायचे, हे समजावून सांगितले की महाविद्यालयीन विद्यार्थी वहीत टिपणे घेऊ लागतात. मी हे अनेकदा पाहिले आहे. त्यांच्या प्रश्नांचा सूर ‘ही मुले किती वर्षे इथे असतात?’ यावरून ‘तो टप्पा जमला नाही तर काय करता?’ इथे येतो, आणि ज्याच्या तोंडून हा दुसरा प्रश्न निघतो त्याचे नाव मी लिहून ठेवते.

याच संदर्भात आणखी एक चूक सांगायला हवी. विद्यार्थ्यांना शाळा दाखवण्यासाठी आपण 3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन किंवा स्नेहसंमेलन निवडतो. त्या दिवशी ते नृत्य पाहतात, टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात आणि घरी जातात. त्याऐवजी एखाद्या साध्या मंगळवारी तिघा-चौघांनाच बोलवावे, पालकांची संमती आधी घ्यावी, मोबाइल बाहेर ठेवायला सांगावे आणि प्रत्येकाला एक छोटे काम द्यावे : चित्रकार्डे लावणे, किंवा एकाच मुलाने अर्ध्या तासात किती वेळा स्वतःहून काही मागितले याची नोंद करणे. ज्यांना हे काम मानवणार नाही त्यांना त्याच दिवशी ते कळते, आणि तेही दोघांच्या हिताचे असते.

पात्रतेबाबतचा गोंधळ

सर्वसाधारण बी.एड. असलेल्या उमेदवाराला ‘चालेल, या’ असे सांगून ठेवणे आणि पुढे कागदपत्रांच्या तपासणीत त्याला परत पाठवणे हे फार क्लेशदायक असते. भारतीय पुनर्वास परिषद कायदा 1992 नुसार विशेष शिक्षक म्हणून काम करण्यासाठी परिषदेने मान्य केलेली पात्रता आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतील नोंदणी, म्हणजे ज्याला आपण सीआरआर क्रमांक म्हणतो तो, आवश्यक आहे. नोंदणीशिवाय असे काम करणे हा त्या कायद्याखाली शिक्षापात्र अपराध आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणातील डी.एड. आणि पदवीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणातील बी.एड. हे नेहमीचे दोन मार्ग आहेत, हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून द्यावे. परिषदेने 2021 पासून समुदायाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही सुरू केला आहे, परंतु तो गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे आणि त्याने शिक्षकाची पात्रता मिळत नाही, हेही स्पष्ट करावे.

विषयशाखेकडे, म्हणजे शिक्षकाने कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाचे प्रशिक्षण घेतले आहे याकडे, दुर्लक्ष होणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. ब्रेलच्या सहा टिंबांत पारंगत असलेल्या शिक्षिकेला स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचा वर्ग देणे हे त्या मुलांवरही अन्याय करणारे आहे आणि तिच्यावरही. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आल्या, तरी पुष्कळ जाहिरातींत अजूनही नुसतेच ‘विशेष शिक्षक पाहिजे’ असे छापलेले असते. कोणत्या मुलांसाठी, कोणत्या वयोगटासाठी आणि कोणत्या विषयशाखेचा शिक्षक हवा, ही एक ओळ जाहिरातीत घातल्याने अर्ज कमी येतील, पण कामाचे येतील.

पगार आणि नेमणुकीचे स्वरूप लपवणे

पगाराचा विषय काढला की सेवेचे मोल कमी होते, असा एक जुना संकोच आपल्या संस्थांमध्ये आहे. भोर तालुक्यातून आलेल्या आणि कोथरूडमध्ये खोली भाड्याने घेऊन राहिलेल्या एका हुशार मुलीला एका संस्थेने मानधनाचा आकडा रुजू होण्याच्या दिवशी सांगितला होता. खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च वजा जाता तिच्या हातात काही उरत नव्हते, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. ती आज वेगळ्याच क्षेत्रात आहे. तिच्यासारखा वर्ग हाताळणारी शिक्षिका मला त्यानंतर फार क्वचित भेटली, म्हणून ही हकीकत माझ्या मनातून जात नाही.

उमेदवाराला हेही माहीत नसते की ‘विशेष शिक्षकाची नोकरी’ हे एकाच प्रकारचे काम नाही. अनुदानित विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत येतात आणि त्यांचे आयुक्तालय पुण्यातच आहे. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक शालेय शिक्षणाच्या यंत्रणेत असतात, अनेक शाळांना भेटी देतात आणि ज्या मुलांना शाळेत येणे शक्य नाही त्यांना घरी जाऊन शिकवतात. खासगी शाळांतील रिसोर्स रूम (विशेष मदतीचा स्वतंत्र वर्ग), विनाअनुदानित विशेष शाळा आणि शॅडो टीचरचे (वर्गात एकाच मुलासोबत राहणाऱ्या शिक्षकाचे) काम हे आणखी वेगळे मार्ग आहेत. यांतले आपण नेमके काय देऊ करतो, नेमणूक कायम की कंत्राटी, पगार किती आणि तो किती वर्षांनी किती वाढेल, हे पहिल्या फोनवर सांगावे. आकडा लहान असेल तर तो लहान आहे असेच सांगावे.

ठरावीक ठिकाणीच शोध घेणे

मानसशास्त्र आणि समाजकार्याची महाविद्यालये झाली की आपला शोध संपतो. वास्तविक दिव्यांग मुलांच्या आया या शाळेच्या फाटकाबाहेर रोज बसलेल्या असतात, आणि त्यांपैकी बारावी किंवा पदवी झालेल्या कित्येकींनी घरी जे शिकवलेले असते ते कोणत्याही प्रात्यक्षिकाच्या तोडीचे असते. त्यांना कोणी विचारलेलेच नसते. तसेच 2016 च्या कायद्याचे कलम 17 स्वतः दिव्यांग असलेल्या, सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणाऱ्या पात्र शिक्षकांची नेमणूक करण्यास सांगते. ज्या पुण्यात 1934 पासून अंधशाळा आहे, त्या पुण्यात दृष्टिहीन शिक्षकाचा अर्ज बाजूला ठेवला जावा हे मला मान्य होत नाही. पुरुष शिक्षकांची उणीवही मोठी आहे. वयात येणाऱ्या मुलांच्या स्वच्छतेचे शिक्षण पुरुष शिक्षकाकडून मिळणे आवश्यक असते, परंतु ‘हे बायकांचे काम’ या समजुतीमुळे मुलगे अर्जच करत नाहीत.

घरच्यांचा विरोध हा अडथळा आपण जवळजवळ विचारातच घेत नाही. ‘वेड्यांच्या शाळेत जाते, हिचे लग्न कसे जमायचे’ हे वाक्य मी आजही ऐकते. निवड झालेल्या मुलीसोबत तिच्या आईवडिलांना शाळेत बोलावून, वर्ग दाखवून, चहाला थांबवून घेतल्याने जे साधते ते पत्रकांनी साधत नाही.

रुजू झालेल्याला एकटे सोडणे

भरती रुजू होण्याने संपते हा समज चुकीचा आहे. नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी बारा मुलांचा वर्ग सोपवू नये. पहिला महिना अनुभवी शिक्षकाच्या वर्गात, पुढचे दोन महिने दोन-तीन मुलांची जबाबदारी आणि वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे प्रत्येक मुलासाठीची स्वतंत्र शिक्षणयोजना, लिहिताना शेजारी बसणारे कोणीतरी, एवढे तरी द्यावे. मूल चावले किंवा वर्गातून पळाले, तर त्याच दिवशी, चूक न काढता, काय घडले यावर बोलावे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणांची रजा आणि शुल्क संस्थेने दिले, तर माणूस टिकतो.

आणि हे सर्व जूनमध्ये करून भागत नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयांतल्या भेटी त्याआधी, दिवाळीनंतरच्या आठवड्यांत उरकाव्यात, आणि ज्यांनी नाव दिले त्यांना डी.एड.च्या प्रवेशाचे वेळापत्रक जाहीर होताच स्वतः फोन करून अर्ज भरायला मदत करावी, कारण निकालानंतरच्या धांदलीत विशेष शिक्षणाचा अर्ज भरायचा राहून जातो आणि ते वर्ष निघून जाते.