इंजिनिअरिंग कॉलेज निवडताना: फी, नाव आणि घरचा हिशोब

सीईटीचा निकाल लागला की आमच्या नात्यातले फोन सुरू होतात, मामा एवढ्या परसेंटाइलला कुठलं कॉलेज लागेल सांगा ना. गेली काही वर्षं पाच-सहा पोरांचे ऑप्शन फॉर्म (कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी) सोबत बसून भरलेत, त्यावरून जे कळलं ते लिहितोय. सगळ्यांना एकच सांगतो, कुठलं लागेल ते नंतर बघू, आधी एका कागदावर चार वर्षांचा खर्च मांडा.

वर्षाची फी नाही, चार वर्षांचा पूर्ण खर्च. समजा पुण्यातल्या एका प्रायव्हेट कॉलेजची फी १ लाख ६० हजार आहे, त्यातली ट्यूशन फी १ लाख ४० आणि डेव्हलपमेंट फी २० हजार. होस्टेल-मेस धरून वर्षाला १ लाख २० पकडा. म्हणजे वर्षाचे २ लाख ८०, चार वर्षांचे ११ लाख २०. आता तुमच्याच जिल्ह्यातलं कॉलेज, फी १ लाख, त्यात ट्यूशन ८८ हजार, पोरगं घरून जाणार, एसटीचा पास आणि डबा मिळून वर्षाला १५ हजार. चार वर्षांचे ४ लाख ६०. हे आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत, तुम्ही तुमचे घाला, खरी मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजवार असते, तीच धरायची, कॉलेजच्या काउंटरवर तोंडी सांगतात ती नाही.

मग सवलत वजा करा. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ओपनच्या मुलांना ट्यूशन फीचे ५० टक्के मिळतात. मुलींसाठी २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी सगळ्यांना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. पण लक्षात घ्या, माफी ट्यूशन आणि परीक्षा फीपुरतीच आहे, डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे सगळं आपलंच. वरच्याच उदाहरणात अर्धी ट्यूशन माफ झाली तर पुण्याचे ८ लाख ४० होतात आणि जिल्ह्यातल्या कॉलेजचे २ लाख ८४. साडेपाच लाखाचा फरक आहे हा, कर्ज काढून शिकवणार असाल तर या फरकावर व्याजही आहेच, कोर्स संपेपर्यंत हप्ता सुरू होत नाही पण व्याज मात्र चढतच असतं.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना, बरेच जण विसरतात. मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, ट्यूशन फी पूर्ण माफ, उत्पन्नाची अट तीच ८ लाख. ऑप्शन फॉर्ममध्ये प्रत्येक कॉलेज-ब्रँचला एक चॉइस कोड असतो, या जागांच्या कोडच्या शेवटी टी असतो. कटऑफ थोडा वर जातो पण फॉर्ममध्ये टाकायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ज्या कॉलेजची नॉर्मल सीट टाकताय त्याच्या वर त्याची टी वाली टाकाच.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमिलेअर, जात वैधता याच्या तयारीला बारावीच्या परीक्षेआधीच लागा, फक्त उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेअर ॲडमिशनच्या वेळी मुदतीत असतील हे बघा. भाचीच्या वेळी दाजी तहसीलला तीन चकरा मारून आले, दाखला मिळाला फॉर्म बंद व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, घरात कोणी नीट जेवलं नव्हतं त्या दोन दिवसांत.

आता नाव. कॉलेजचं नाव आणि डिपार्टमेंटचं नाव ह्या दोन गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं, यांची नावं पिढ्यांनी कमावलेली आहेत आणि तिथे फीही प्रायव्हेटपेक्षा बरीच कमी पडते, लागत असेल तर फार विचार करू नका. प्रश्न येतो मधल्या शंभर कॉलेजांचा. तिथे एनबीए बघा, नॅक आणि एनबीए ही दोन्ही दर्जा तपासून मिळणारी मानांकनं, पण नॅक अख्ख्या कॉलेजला मिळतं आणि एनबीए एकेका ब्रँचला. कॉलेजला नॅकचा ए प्लस असेल आणि तुमच्या ब्रँचला एनबीए नसेल असं होऊ शकतं. एआय-डेटा सायन्स सारखी नवी ब्रँच असेल तर पहिली बॅच बाहेर पडली का ते विचारा, आणि शिकवणारे त्याच विषयाचे कायम आहेत का तासावर येणारे आहेत ते पण.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर सरासरी पॅकेज लिहितात, त्याच्यावर जाऊ नका. दहा पोरं, नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख, सरासरी ८ लाख निघते, आणि ८ लाख मिळालेला एकही पोरगा त्यात नाही. कॉलेजच्या साइटवर एनआयआरएफची (केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगची) पीडीएफ शोधा, त्यात किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार (सगळे पगार ओळीने लावले तर मधोमध येतो तो) किती हे सगळं असतं. ते सगळ्या ब्रँच मिळून असतं, तरी फ्लेक्सपेक्षा शंभर पटीने बरं.

आणि एकदा तिथे जाऊनच या. भाचीला घेऊन मी दोन कॉलेजं बघितली. एकाचं गेट, रिसेप्शन, काच, सगळं चकाचक, पण कॉम्प्युटरची लॅब बघायची म्हटलं तर कुलूप, किल्ली कोणाकडे ते शोधण्यात वीस मिनिटं गेली आणि उघडल्यावर बऱ्याच मशीनवर धूळ. दुसरं जुनं कॉलेज, भिंतींचा रंग उडालेला, पण संध्याकाळी साडेपाचला लॅबमध्ये चार पोरं एका बोर्डवर वायरी जोडत बसलेली आणि सर बाजूला खुर्ची घेऊन त्यांच्याशी वाद घालत होते. भाचीने तिथल्या एका थर्ड इयरच्या ताईला बाहेर चहाच्या गाडीवर गाठलं, अर्धा तास बोलली, येताना म्हणाली मामा हेच वर टाकूया. तुम्ही पण थर्ड किंवा फायनल इयरच्या पोरांनाच विचारा, कॅम्पसला कुठल्या कंपन्या आल्या, आपल्या ब्रँचच्या किती जणांना बसू दिलं, मेसचं जेवण कसं, केटी (नापास विषय) किती लागतात.

फॉर्म भरताना मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना परसेंटाइलसोबत मेरिट नंबर पण बघा, मुलांची संख्या बदलली की तोच परसेंटाइल वेगळ्या नंबरला जातो. क्रम मात्र आवडीचाच लावा. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही, यादी वरून खाली वाचली जाते. एक मात्र आहे, पहिल्या नंबरचं लागलं तर ते फ्रीझ म्हणजे पक्कं होतं, पुढच्या राउंडला जाता येत नाही, म्हणून परवडणार नाही असं कॉलेज केवळ नावासाठी एक नंबरला टाकू नका. बाकीच्या राउंडचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून वाचा, ते बदलत असतात.

आणि ॲडमिशन घेतल्यावर मन बदललंच तर घाबरू नका, ठरलेल्या मुदतीच्या आत ऑनलाइन कॅन्सल केलं तर फीमधून फक्त हजार रुपये कापून बाकीचे परत मिळतात, कॉलेज ओरिजनल कागद अडवून ठेवू शकत नाही.