सैनिकांच्या मुलांसाठी शाळेने एवढे करावे
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत वडील सैन्यात आणि मुले आजी-आजोबांकडे, अशी घरे गावोगावी आढळतात. ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, या मुलांचा गौरव जरूर करावा. मात्र त्यांना खरी गरज वर्गातल्या आधाराची असते. छावणीतील शाळेतून परतलेल्या मुलाच्या तोंडी हिंदीच बसलेली असेल, तर मराठी आणि अहिराणी सहज बोलणारा सोबती त्याच्याशेजारी बसवावा. वर्षाच्या मध्येच आला किंवा दाखला उशिरा मिळाला, एवढ्या कारणावरून सरकारी वा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार नाकारता येत नाही, हे मुख्याध्यापकांनी कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाही सांगून ठेवावे. वडिलांची रजा आखाजीला किंवा कानबाईच्या उत्सवाला जुळेलच असे नाही (बहुधा जुळत नाहीच), म्हणून ते गावी येतील तेव्हा पालकभेट ठेवावी. त्यांची नेमणूक कोठे आहे, हे मुलाला चारचौघांत विचारू नये. माजी सैनिकांच्या मुलांना बारावीत किमान ६० टक्के गुण असल्यास व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षी पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.