कॅड टेम्प्लेट सांभाळावं कसं आणि त्याचा माग कसा ठेवावा

ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवं ड्रॉइंग सुरू केलं की टेम्प्लेटमधले (म्हणजे तयार नमुना-फाइलमधले) लेयर, डायमेन्शन स्टाइल (मापं कशी दिसावीत याची मांडणी), लेआउट, टायटल ब्लॉक (शीटवरची माहितीची चौकट) असं सगळं त्यात उतरतं आणि तिथेच दोघांचा संबंध संपतो. ड्रॉइंग कोणत्या टेम्प्लेटवरून निघालं, हे ते स्वतःहून सांगत नाही. पुढे टेम्प्लेट सुधारलं तरी आधीची ड्रॉइंग्ज आहेत तशीच राहतात. दोन शीटवर डायमेन्शनच्या अक्षरांची उंची वेगळी दिसली, तर जुन्या टेम्प्लेटवरची कोणती हे ओळखायचं कसं? त्याची सोय आपणच टेम्प्लेटमध्ये आधी करून ठेवायची.

सुरुवात जागेपासून करा. कमांड लाइनवर 'ऑप्शन्स' कमांड द्या, 'फाइल्स' टॅबवर जा आणि 'टेम्प्लेट सेटिंग्ज' उघडा. 'ड्रॉइंग टेम्प्लेट फाइल लोकेशन'खाली पूर्ण पाथ दिसतो. विंडोजवर तो मुळात यूजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये असतो. ते फोल्डर लपवलेलं असल्यामुळे चाळून सापडत नाही, म्हणून पाथ कॉपी करून फाइल एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये टाका.

स्वतःची टेम्प्लेट्स मात्र तिथे ठेवू नका. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपलं वेगळं फोल्डर तयार करते, मग एकाच टेम्प्लेटच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या वाटांनी बदलत जातात. नेटवर्कवर एकच फोल्डर करा, लिहिण्याची परवानगी एक-दोघांनाच द्या आणि प्रत्येक मशीनवर वरचा पाथ तिकडे वळवा. तिथेच 'डीफॉल्ट टेम्प्लेट फाइल नेम फॉर क्यून्यू'मध्ये (क्यून्यू म्हणजे झटपट नवं ड्रॉइंग सुरू करणारी कमांड) रोजचं टेम्प्लेट नेमून टाका.

आता महत्त्वाचं काम, ओळख. टेम्प्लेट 'ओपन'ने उघडा, फाइलचा प्रकार डीडब्ल्यूटी (म्हणजे टेम्प्लेट फाइल) निवडून. 'न्यू'ने गेलात तर त्यावरून नवं ड्रॉइंग तयार होईल आणि मूळ टेम्प्लेटला हातही लागणार नाही. खात्री करायची तर वर टायटल बारमध्ये नावापुढे डीडब्ल्यूटी दिसतंय का ते पाहा. मग 'डीडब्ल्यूजीप्रॉप्स' ही फाइलची माहिती नोंदवण्याची कमांड द्या. 'कस्टम' टॅबवर 'अ‍ॅड' दाबून नाव द्या 'टेम्प्लेट' आणि व्हॅल्यूमध्ये लिहा, समजा, 'ए१ मेट्रिक, आवृत्ती ३'. या टेम्प्लेटवरून निघालेल्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये ही नोंद जाते. ती कागदावरही हवी असेल तर 'फील्ड' कमांडने 'डॉक्युमेंट' गटातून हीच प्रॉपर्टी निवडा आणि टायटल ब्लॉकच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात बसवा. प्रिंट हातात आली की फाइल न उघडता आवृत्ती कळते.

बरेच जण जुनं ड्रॉइंग 'सेव्ह अ‍ॅज' करून नवं काम सुरू करतात. तेव्हा जुनी आवृत्तीच पुढे जाते, आणि ते योग्यच आहे, कारण त्या फाइलमधल्या स्टाइल्सही तिथूनच आलेल्या असतात. म्हणून ड्रॉइंगमधली ही नोंद हाताने बदलायची नाही, असं सगळ्यांना स्पष्ट सांगा.

टेम्प्लेट बदललं की आवृत्तीचा आकडा वाढवा, 'ऑडिट' (फाइलमधल्या चुका तपासणारी कमांड) आणि 'पर्ज' (न वापरलेल्या गोष्टी काढून टाकणारी कमांड) चालवा, मग सेव्ह करा. पर्ज करताना 'पर्ज ऑल' दाबू नका. टेम्प्लेटमधले बरेचसे लेयर आणि स्टाइल्स अजून वापरात आलेलेच नसतात, त्यामुळे तेही साफ होतील. यादीतून नको तेवढंच निवडा. नव्या नावाने सेव्ह करताना 'टेम्प्लेट ऑप्शन्स'ची खिडकी येते. तिथे मेट्रिकच आहे ना ते पाहून घ्या आणि वर्णनात काय बदललं ते एका ओळीत लिहा. आधीची आवृत्ती खोडू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा.

राहिली जुनी ड्रॉइंग्ज. डिझाइन सेंटर (कंट्रोल आणि २) उघडून टेम्प्लेटमधले लेयर ओढून आणता येतात, पण त्याच नावाचा लेयर ड्रॉइंगमध्ये आधीच असेल तर त्याचा रंग किंवा लाइनटाइप बदलत नाही. अनेक जण इथेच फसतात. अशा वेळी टेम्प्लेटची डीडब्ल्यूएस (म्हणजे तुलनेसाठीची स्टँडर्ड्स फाइल) प्रत सेव्ह करा, 'स्टँडर्ड्स' कमांडने ती ड्रॉइंगला जोडा आणि 'चेकस्टँडर्ड्स' चालवा. कुठला लेयर, कुठली डायमेन्शन स्टाइल ठरल्यापेक्षा वेगळी आहे ते एकेक करून समोर येतं आणि दुरुस्तही तिथल्या तिथे करता येतं.