मुलांना एआय शिकवताय? मोठ्यांनो, या चुका टाळा

"वापरायचं नाही म्हणजे नाही!" घरात आणि शाळेत सुरुवात बहुधा इथूनच होते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनीही जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि मे महिन्यात मागे घेतली. बंदीने मुलं थांबत नाहीत, फक्त आपल्यासमोर वापरत नाहीत.

मग काही शिक्षक निबंध 'मशीनने लिहिलाय का' हे दुसऱ्या मशीनला विचारतात. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने असं ओळखणारं आपलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच्या भरवशावर एखाद्या प्रामाणिक पोराला चोर ठरवू नका. त्यापेक्षा समोर बसवा आणि विचारा, "हा मुद्दा तुला कुठे सापडला?" पाच मिनिटांत कळतं.

"तपासून घे" एवढंच सांगून मोकळं होणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. तपासायचं कसं, हे कोणी दाखवतच नाही. आपल्या गावच्या जत्रेबद्दल एआयला विचारायला लावा: पालखी कुठून निघते, पहिला मान कोणाचा. उत्तर ठणठणीत आत्मविश्वासाने येईल. ते घेऊन मुलांना आजीकडे पाठवा, लाल पेनासकट.

मोठ्या मुलांना न्यूयॉर्कच्या वकिलांची गोष्ट सांगा. २०२३ मध्ये त्यांनी कोर्टात चॅटजीपीटीने रचलेल्या, कधी न घडलेल्या खटल्यांचे दाखले दिले. ५,००० डॉलर दंड झाला. तोही निव्वळ एआय वापरलं म्हणून नव्हे. शंका घेतल्यावरही ते त्या दाखल्यांना चिकटून राहिले, हे न्यायाधीशांना खटकलं. चूक कबूल करणं हा नेतृत्वाचा भाग आहे, हे इथे व्याख्यान न देता कळतं.

नेतृत्वाचं म्हणाल, तर गटप्रकल्पात लॅपटॉपवाला मुलगा आपोआप 'लीडर' होतो, बाकीचे नावापुरते. असं होत असेल तर तपासनीसाचं काम दरवेळी वेगळ्याला द्या. एआयकडून काय घेतलं, ते कोणी पडताळलं, हे शेवटच्या पानावर नावानिशी लिहायला लावा. खरी जबाबदारीही द्या. नातवाचा नकली आवाज काढून पैसे मागणारे फोन येतात. सोसायटीतल्या आजी-आजोबांना ते ओळखायला मुलांनीच शिकवावं. घरात एक परवलीचा शब्द ठरवणं, १९३० हा सायबर हेल्पलाइन नंबर फोनमध्ये टाकून देणं, हे नववीतली पोरं झकास करतात.

वर्गमैत्रिणीच्या फोटोवरून अश्लील चित्र बनवणं ही मस्करी नव्हे, गुन्हा आहे, हे आधीच सांगा. असं काही घडल्याचं मूल सांगायला आलं, तर लगेच "आण तो फोन इकडे" म्हणू नका. पुढच्या वेळी ते येणारच नाही.

आणि हो, चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांना ते वापरता येत नाही, १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. अकरा वर्षांच्या लेकाचं खातं तुम्हीच खोटी जन्मतारीख टाकून उघडून दिलं असेल, तर आधी ते बंद करा. त्याने ती तारीख टाकताना बघितलंय.