रुबीच्या टेस्टमध्ये फाइल ‘सापडत नाही’ तेव्हा: या चुका टाळा

स्वतःच्या लॅपटॉपवर पास होणारी टेस्ट सीआय सर्व्हरवर (बदललेला कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) गेल्यावर ‘कॅनॉट लोड सच फाइल’ असे सांगून थांबते, तेव्हा बहुतेक जण आधी फाइल जागेवर आहे का ते पाहतात. ती बहुधा जागेवरच असते. पाहायचे असते ते एवढेच, की रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेने शोध कुठून सुरू केला.

त्यासाठी त्रुटीचे नाव नीट वाचावे. ‘लोडएरर’ असेल तर कोडची फाइल लोड झालेली नाही. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असेल तर बहुधा टेस्टने उघडायला घेतलेली फिक्श्चरची (टेस्टसाठीच्या नमुना माहितीची) फाइल मिळालेली नाही. पहिल्या त्रुटीवर दुसरीचा उपाय करण्यात तासन्‌तास जातात.

दुसरी फाइल लोड करणारी ‘रिक्वायर’ ही आज्ञा चालू फोल्डरमध्ये शोधत नाही. २०१० मध्ये आलेल्या रुबी १.९.२ पासून तो फोल्डर लोड पाथमधून, म्हणजे रुबी जिथे फाइल शोधते त्या फोल्डरांच्या यादीतून, काढून टाकलेला आहे. त्यावर तोडगा म्हणून नावाच्या सुरुवातीला टिंब आणि तिरकी रेघ लावली, तर टेस्ट प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमधून चालते आणि इतर कुठूनही चालवली की अडते. रेक या कामे चालवणाऱ्या साधनाच्या टेस्टटास्कमध्ये ‘लिब’ फोल्डर आपोआप जोडला जातो, पण ‘टेस्ट’ फोल्डर आपल्याला जोडावा लागतो. आरस्पेक हे टेस्टचे साधन ‘लिब’ आणि ‘स्पेक’ दोन्ही जोडते. नुसत्या रुबी कमांडने एकच फाइल चालवताना यातले काहीच जोडलेले नसते, म्हणून मोठ्या ‘आय’चा पर्याय देऊन दोन्ही फोल्डर सांगावेत. टेस्ट हेल्परसाठी (सर्व टेस्टची सामाईक तयारी असलेल्या फाइलसाठी) मात्र ‘रिक्वायर रिलेटिव्ह’ वापरणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण ते ज्या फाइलमध्ये लिहिले आहे तिथूनच मोजते.

सर्वांत फसवी चूक फिक्श्चरच्या मार्गात होते. ‘टेस्ट’ फोल्डरातल्या जुन्या कोडमध्ये पूर्ण मार्ग काढून देणाऱ्या ‘एक्स्पांड पाथ’ला ‘फाइल’ हा अंडरस्कोरवाला शब्द (चालू फाइलचा मार्ग) दिलेला असतो आणि मार्गाची सुरुवात दोन टिंबांनी असते. तिथे पहिली दोन टिंबे फक्त फाइलचे नाव गाळतात, फोल्डर वर चढत नाहीत. रुबी २.० मध्ये आलेला ‘डिर’ (चालू फाइलचा फोल्डर) त्या जागी घातला आणि टिंबे तशीच ठेवली, तर शोध ‘टेस्ट’च्या आतल्या ‘फिक्श्चर्स’ऐवजी त्याच्या एक पायरी वर होतो. शब्द बदलला की टिंबांची एक जोडी काढावी लागते.

मॅकवर फाइलच्या नावातील लहान-मोठी अक्षरे सहसा एकच मानली जातात, लिनक्सवर नाही. त्यामुळे ‘बिल’चा ‘बी’ एका ठिकाणी मोठा लिहिला गेला, तर चूक सीआयवरच उघडी पडते.

एकटी चालवल्यावर पास आणि सगळ्यांसोबत नापास होणारी टेस्ट दिसली, तर आधी चालू फोल्डर बदलणारी ‘सीएचडिर’ ही आज्ञा शोधावी. एका टेस्टने फोल्डर बदलून तो परत फिरवला नाही, तर त्याच प्रोसेसमधल्या पुढच्या सर्व टेस्टचे सापेक्ष मार्ग चुकतात, आणि टेस्टचा क्रम यादृच्छिक असेल तर दोष रोज वेगळ्या टेस्टवर येतो. फोल्डर बदलणे अटळच असेल, तर ते ब्लॉक देऊन करावे. ब्लॉक संपताच रुबी मूळ फोल्डरमध्ये परतते.