तळ्याकाठी पक्ष्यांचे फोटो काढताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी पुण्यात पाषाण तलावाच्या बांधावर गेलात, तर चार-पाच जण ओळीने उभे दिसतील आणि सगळ्यांच्या लेन्स खाली झुकलेल्या असतील. पहिली चूक तिथेच होते. वरून काढलेल्या फोटोत पाणकोंबडीची पाठ दिसते आणि मागे सगळं गढूळ पाणी नाहीतर जलपर्णी. त्याच जागी खाली बसा. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीच्या जितका जवळ येईल, तितकी मागची बाजू लांब जाते आणि आपोआप धूसर होते. लेन्स तीच, पाणकोंबडी तीच, फोटो मात्र वेगळाच. गुडघे कुरकुरत असतील तर स्क्रीन वर उघडून कॅमेरा जमिनीलगत धरा. मी बॅगेत एक जुनं बसकर ठेवतो, लोक हसतात. फक्त बसण्याआधी गवतात नजर टाका. पाणदिवड बिनविषारी असली तरी ती पायाशी सळसळली की कॅमेरा पाण्यात जातो.

बगळ्याचा पांढरा ठिपका का होतो?

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. कारण साधं आहे. फ्रेममध्ये बहुतेक भाग काळसर पाण्याचा आणि त्यात एवढासा बगळा. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो सगळंच उजळतो आणि पिसांचा तपशील जळून जातो. एकदा जळलेला पांढरा नंतर कुठल्याही ॲपमध्ये परत येत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची +/− सेटिंग) उणे 1 वर न्या, एक फोटो काढा, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजवीकडे भिंतीला चिकटलाय का ते बघा, मग पुढे जा. पाणकावळ्याचं नेमकं उलटं. चकाकत्या पाण्यासमोर पंख वाळवत बसलेला पाणकावळा नुसती काळी आकृती होतो, तिथे अधिक 1 लागतं.

आणि काम झालं की आकडा शून्यावर आणा. बगळ्यांनंतर उणे 1 तसंच ठेवून मी एकदा अख्खी सकाळ टिबुकल्यांचे काळे गोळे काढून घरी आलोय.

‘लेन्स खराब आहे वाटतं, सगळं सॉफ्ट येतंय’

बहुतेक वेळा लेन्सचा काही दोष नसतो. फोटो किती वाजता काढला ते आधी बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा वाजले की बांधाची माती तापते, हवा थरथरू लागते आणि पन्नास मीटरवरचं बदक त्या थरथरीतूनच दिसतं. यावर महागड्या लेन्सकडेही इलाज नाही. खात्री करायची तर दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास, दहा मीटरवरच्या पक्ष्यावर तीच लेन्स लावा. फोटो लख्ख आला तर दुकानात जायची गरज नाही.

तरीही हलल्यासारखं दिसत असेल तर शटर स्पीड कमी पडतोय. 400 मिमी लेन्स हातात धरून बसलेल्या पक्ष्यासाठी निदान 1/500 सेकंद, उडत्यासाठी 1/2000. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे तो आकडा) वाढेल आणि फोटोत दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार फोटो नंतर साफ करता येतो, हललेल्याचं काही करता येत नाही. फोकस पक्ष्याऐवजी पुढच्या पाणकणसावर जात असेल तर कॅमेऱ्यावर निवड न सोपवता एकच फोकस पॉइंट घ्या आणि तो डोळ्यावर ठेवा.

जवळच्या पक्ष्यावर फोकसच होत नसेल तर लेन्सच्या कडेची ती छोटी बटणं तपासा. माझी लेन्स ‘मेली’ म्हणून मी दुरुस्तीला नेली होती. दुकानदाराने नखाने फोकस लिमिटरचं, म्हणजे लेन्सने किती अंतरापर्यंत फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण ‘फुल’वर सरकवलं आणि लेन्स परत हातात दिली. पैसेसुद्धा घेतले नाहीत, त्यामुळे जास्तच लाजल्यासारखं झालं.

खंड्याच्या मागे पळू नका

तुम्ही दहा पावलं टाकली की तो वीस मीटर लांब जाऊन बसतो. पण खंड्याच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात, ज्या फांदीवरून उडाला तिथे तो बरेचदा परत येतो. उजेड पाठीशी राहील असे बसा, फांदीवर फोकस लावून ठेवा आणि चहा प्या. उडवण्यासाठी खडा मारणं, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं, पाव-फरसाण टाकणं हे प्रकार तळ्यावर रोज दिसतात. पक्षी सप्ताहात, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबरला, तर जरा जास्तच.

टिटवीबद्दल मात्र मी कडक आहे. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर ‘काय मस्त फ्लाइट शॉट’ म्हणून धडाधड फोटोंचा बर्स्ट मारू नका. पायाखाली बघा. मुरमाड जमिनीवर खड्यांसारखीच दिसणारी, बहुधा चार अंडी जवळपास असतात. एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. तुम्ही तिथे उभे आहात तोवर ती उतरत नाही आणि अंडी उन्हात तापत राहतात. आल्या वाटेने, खाली बघत, मागे फिरा.

पावसाळ्यात शूट झालं की कॅमेरा बंद बॅगेत तसाच ठेवू नका. पुसून, पंख्याखाली वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसली तर ती बुरशीची असू शकते आणि ती घरी पुसून जात नाही.